घर आहे तसं ठेवा

आमच्या गल्लीत माझ्या स्वच्छतेची दहशत होती. माझ्याकडे यायचं म्हटलं की बायका आधी आपापल्या घरी पाय धुऊन यायच्या, आणि तरीही मी त्यांच्या टाचांकडे बघायचे. कुणी खुर्चीवरून उठलं की त्याची पाठ फिरायच्या आत मी खुर्ची झटकायचे. एकदा तर माणूस पुरता उठायच्या आतच झटकली, आणि तो नेमका आमच्या ह्यांचा साहेब निघाला. हे तेव्हा बसमध्ये कंडक्टर होते. बढती हुकली ती त्या खुर्चीपायी, असं ह्यांचं अजून म्हणणं आहे. मला ते पटत नाही. बढती हुकवायला ह्यांची जीभ समर्थ होती.

आमचं घर गल्लीच्या टोकाला. तीन खोल्या, मागं मातीचं उघडं अंगण, आणि अंगणापलीकडे कारखान्याची भिंत. त्या कारखान्यात जुन्या बॅटऱ्या फोडून आतलं शिसं वितळवायचे. तो बंद पडून बरीच वर्षं झाली. मालक गेला, पत्रे गेले, दारं-खिडक्या लोकांनी उचलून नेल्या. माती तेवढी कुणी नेली नाही. वारा सुटला की ती आपण होऊन आमच्याकडे यायची आणि मी तिला हाकलायचे. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. कोरडा झाडू, आणि तो असा चालवायचा की शेजाऱ्यांना वाटावं, घरात मारामारी जुंपली आहे. सतरंज्या अंगणात दोरीवर टाकून काठीनं बडवायच्या आणि पुन्हा आत आणून अंथरायच्या. ओल्या फडक्याचा मला तिटकारा. ओल्या फडक्यानं पुसणं हे आळशी बायकांचं काम, धूळ जागच्या जागी लिंपून ठेवायची, असं माझं मत होतं. हे मत मी सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात वरचेवर मांडायचे. सून ओल्या फडक्यानं पुसायची.

सून बाजारातल्या एका दुकानात रेडिओ, ॲम्प्लिफायर, भोंगे दुरुस्त करते. मुलगा जहाजावर असतो, घरात बहुतेक वेळ त्याचा फोनमधला आवाजच राहतो. सून कामावर गेली की नात माझ्या ताब्यात. नात तेव्हा दीड वर्षाची. जमिनीवर पडलेलं काहीही टिपून तोंडात घालायची, म्हणून ह्यांनी तिचं नाव मुंगी ठेवलं.

सकाळी मागच्या खिडकीतून उन्हाची तिरीप खोलीत यायची. मी झाडत असायचे, आणि त्या तिरिपेत धुळीचे कण चमकायला लागायचे. मुंगी ते बघून खिदळायची. मी म्हणायचे, "लुकलुक बघ, लुकलुक." मग ती दोन्ही हातांनी कण पकडायची, मूठ चाटायची, आ वासून तिरिपेत उभी राहायची. कण कमी झाले की माझ्याकडे वळून म्हणायची, "लुलुक." मग मी एखादी सतरंजी तिथल्या तिथे झटकायचे. दुधावरच्या सायीसाठी माणूस काय करत नाही. रोज सकाळचा हा आमचा खेळ होता आणि मला त्याचा फार अभिमान होता. खेळणी विकत आणणाऱ्या आज्या मला उधळ्या वाटायच्या.

मग एक दिवस दवाखान्यातून निरोप आला की कारखान्याच्या आजूबाजूच्या सगळ्या लहान मुलांचं रक्त तपासणार आहेत. आम्ही तपासलं. काही दिवसांनी डॉक्टरांनी बोलावलं. तरुण डॉक्टर, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, टेबलावर अर्धवट प्यायलेला चहा.

"हिच्या रक्तात शिसं सापडलंय," तो म्हणाला.

"किती?" सुनेनं विचारलं.

"मुळात ते नसावंच. हिच्यात बरंच आहे."

ताप नाही, खोकला नाही, मुंगी माझ्या मांडीवर बसून माझ्या बांगड्या चावत होती. डॉक्टर सांगत होता की बाहेरून काहीच दिसत नाही, पण या वयात शिसं पोटात जात राहिलं तर मेंदूच्या वाढीला धक्का बसतो. बोलायला उशीर होतो, शिकायला जड जातं, लक्ष लागत नाही, आणि झालेलं नुकसान मागं फिरवता येत नाही. जाणारं शिसं थांबवणं हाच खरा उपाय. जेवणाआधी हात धुवा, चपला दाराबाहेर काढा, दूध द्या, हिरव्या भाज्या द्या. "आणि घरातली धूळ सांभाळा. बहुतेक तिथूनच जातंय."

"आमच्या घरात धूळ नाही," मी म्हणाले.

डॉक्टरनं चहाचा कप बाजूला सारला. "कोरडं झाडू नका. ओल्या फडक्यानं पुसा."

मी त्याच्या खिडकीच्या कट्ट्यावरून बोट फिरवलं आणि ते काळं झालेलं बोट त्याच्यासमोर धरलं. सुनेनं मान खाली घातली. तेव्हा मला वाटलं, डॉक्टरची जिरली म्हणून ती हसू दाबते आहे.

खरं सांगते, मी घाबरले होते. मुंगी बोलायला उशीरच करत होती. "आई", "आजी", "लुलुक" आणि एक कुठलासा शब्द, जो ह्यांच्या मते "तिकीट" होता. एवढ्यावरच तिची गाडी अडली होती, आणि आता त्याचं कारण कुणीतरी माझ्या तोंडावर सांगितलं होतं. घाबरले की मला एकच काम सुचतं. घरी आले आणि झाडू हातात घेतला. त्या आठवड्यात मी इतकं झाडलं की झाडू अर्धा झिजला. मुंगीला रोज दोनदा लुकलुक मिळालं.

नंतर त्या तपासणीवाल्यांचा फोन आला. ज्या घरांच्या धुळीत शिसं जास्त निघेल, त्यांच्या अंगणातली माती खणून नेणार, तिथं स्वच्छ माती टाकून वर फरशी बसवणार, जमिनीच्या भेगा बुजवणार, आणि घर वरपासून खालपर्यंत ओलं पुसून देणार. हे सगळं फुकट. त्याआधी नमुने घ्यायला एक मुलगी येईल. फोनवर तीच बोलत होती. "काकू, एक आठवडा घर आहे तसं ठेवा. खिडक्यांचे कट्टे, कपाटं, कोपरे, कशालाही हात लावू नका. आम्हाला तुमचं रोजचं घर बघायचंय."

मी हो म्हणाले. फोन ठेवला आणि घराकडे बघितलं. घरी परकं माणूस येणार, तेही खास धूळ बघायला, आणि मी ती त्याच्यासाठी राखून ठेवायची? पाहुणे येणार म्हणून लोक घर आवरतात. मी पसरून ठेवू?

"जन्मात एकदा गप्प बस," हे म्हणाले. "अति तिथं माती."

"मातीच बघायला येतायत," मी म्हणाले.

मी निकरानं दम धरला. तो मुलगी यायच्या आदल्या दुपारपर्यंत टिकला. हे दाढी करायला गेले, सून कामावर, मुंगी झोपलेली. मी फक्त एका खिडकीचा कट्टा पुसायचा ठरवला. मग त्याच्यापुढं दुसरा कट्टा मळका दिसायला लागला. मग कपाटाचा माथा. मग पलंगाखाली. उगाच काही उडायला नको म्हणून त्या दिवशी मी आळशी बायकांचं ओलं फडकंसुद्धा हाती घेतलं, साबणाच्या पाण्यातून पिळून तीन-तीनदा फिरवलं. आयुष्यात पहिल्यांदा ते घर खरोखर स्वच्छ झालं असावं. दुसऱ्या दिवशी ते तपासून गेले.

नमुने घेणाऱ्या मुलीला धुळीची ॲलर्जी होती. दारात पाऊल टाकायच्या आधीच तिनं चार शिंका दिल्या, म्हणून मी मनात तिचं नाव शिंकरी ठेवलं. पण घरात आल्यावर तिची शिंक बंद झाली. मला ते प्रशस्तिपत्रक वाटलं. तिनं हातमोजे घातले, जमिनीवर एक चौकट ठेवली, चौकटीच्या आत ओल्या कागदी फडक्यानं नीट आडवं-उभं पुसलं आणि फडकं नळीत बंद केलं. तसंच कट्ट्यावर, तसंच पलंगाखाली. फडकी जशी जात होती तशीच पांढरी निघत होती.

"काकू, साफसफाई केली नाही ना?"

"छे," मी म्हणाले. "रोजचंच."

हे खोकले. मी ह्यांना पाणी आणून दिलं आणि हातात देताना पायावर पाय दिला.

निकाल आला, आमचं घर स्वच्छ. धुळीत शिसं नावालाच. मी ती बातमी गल्लीभर फिरवली. शेजारच्या मास्तरीणबाईंकडे तर दोनदा गेले. मास्तरीणबाई निवृत्त शिक्षिका. त्यांच्याकडे वर्तमानपत्रांचे ढीग, तीन मांजरं, आणि पुस्तकांच्या मागं पुस्तकं. नातू त्या पसाऱ्यात मांजरांच्या पाठोपाठ रांगायचा. त्यांनी सांगितल्याप्रमाणे घर आहे तसं ठेवलं होतं, कारण एरवीही ते तसंच असायचं. त्यांच्या घरात शिसं भरपूर निघालं. माणसं आली, अंगण खणलं, माती गाडीत भरून नेली, फरशी बसवली, घर पुसून काढलं. मी कुंपणापाशी उभी राहून चुकचुकत होते. "बघवत नाही हो बाई, लोकांसमोर घराची अशी लक्तरं." बघवत नव्हतं तरी रोज बघायला जात होते.

त्यानंतर मुंगीचं रक्त पुन्हा तपासलं. आकडा वाढला होता. मास्तरीणबाईंच्या नातवाचा खाली आला होता.

डॉक्टर या वेळी जास्तच थकलेला दिसला. "घर तर स्वच्छ निघालंय," तो म्हणाला. "म्हणजे दुसरीकडून येतंय. घरात कुणी शिशाचं काम करतं?"

"मी सोल्डरिंग करते," सून म्हणाली. "तारेत शिसं असतं. पण मी हात धुते."

"कपड्यांवरून येऊ शकतं. केसांवरून. घर वगळल्यावर तेवढंच उरतं."

असं खापर सुनेच्या डोक्यावर फुटलं. आणि मी काय केलं? मी गप्प बसले. एरवी जिभेला हाड नसलेली बाई मी, दवाखान्याच्या त्या खोलीत बोलायची एवढी सोन्यासारखी वेळ होती, आणि मी मुंगीची टोपी सरळ करत राहिले. मनात म्हटलं, डॉक्टर शिकलेला माणूस, तो म्हणतो तर तेच खरं असेल. वीस मिनिटांपूर्वी त्याच डॉक्टरला मी कवडीची किंमत देत नव्हते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत काय झाकलंय ते मला चांगलं माहीत होतं.

सून दुकानातच कपडे बदलायला लागली. घरी आली की थेट न्हाणीघरात, केस धुऊन मगच बाहेर. पण न्हाणीघर घराच्या मागच्या बाजूला, आणि मुंगीला आईच्या चपलांचा आवाज लांबून कळायचा. ती दाराकडे धावायची. सून दोन्ही हात वर करून जागच्या जागी थांबायची, पोलिसानं पिस्तूल रोखल्यावर चोर थांबतो तशी, आणि म्हणायची, "थांब बाळा, थांब. आई घाण आहे." मी मागून मुंगीचा फ्रॉक धरून ठेवायचे. "थांब," मीही म्हणायचे. "आईला धुऊन येऊ दे." हे काम मी फार चोख करायचे. मुंगी एकदाही माझ्या हातून निसटली नाही. सुरुवातीला ती रडायची. मग रडायची बंद झाली.

एका संध्याकाळी सून आली ती हातात एक पत्र्याचा डबा घेऊन. आत तिची हत्यारं होती, सोल्डरची कांडी, बारके चिमटे, पेचकस, सगळं कापडात गुंडाळलेलं. मी कधी काळी म्हणाले होते की बाईमाणसानं भोंगे काय उघडत बसायचं. पण लोक तिचं नाव घेऊन दुकानात येत, हेही मला माहीत होतं, आणि बिघडलेला रेडिओ पुन्हा बोलायला लागला की तिच्या चेहऱ्यावर काय होतं, ते मी बघितलं होतं. तिनं डबा माळ्यावर टाकला.

"मी मालकांना सांगितलं, महिनाअखेरीला सोडते," ती म्हणाली. "माझ्यामुळं तिला काही व्हायला नको."

हे माझ्याकडे बघत होते. हे काही बोलले नाहीत, आणि ह्यांनी काही न बोलणं म्हणजे काय ते बसमधल्या उतारूंना विचारावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीप्रमाणे झाडू घेतला. ऊन खिडकीतून आलं, धूळ उठली, मुंगी तिरिपेत जाऊन उभी राहिली आणि तिनं तोंड उघडलं. तिची जीभ बाहेर होती. एक-एक कण चमकत तिच्या जिभेकडे उतरत होता. ती वाट बघत होती, आणि तो खाऊ मी तिला रोज माझ्या हातानं भरवत होते. कारखान्याची भिंत खिडकीतून समोर दिसत होती. झाडू हातातून पडला, तर त्यानंही आणखी थोडी धूळ उडवली.

"लुलुक," मुंगी म्हणाली.

मी तिला उचललं, तिचं तोंड धुतलं, हात धुतले, पुन्हा तोंड धुतलं, आणि तिला कडेवर घेऊन सून घरी येईपर्यंत मास्तरीणबाईंच्या नव्या फरशीवर बसून राहिले. त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं की आमच्या घरात फार धूळ आहे. मास्तरीणबाईंना वाटलं मला ताप आला आहे. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

सुनेला मी जेवताना सांगितलं. आधी पाणी प्याले, मग मीठ मागितलं, मग ते मीठ परत दिलं.

"त्या मुलीनं नमुने घेतले ना, त्याच्या आदल्या दिवशी मी घर पुसलं होतं."

सुनेचा घास हातातच राहिला. "पुसलं होतं म्हणजे?"

"साबण लावून."

"सगळीकडे?"

"तिनं जिथं जिथं फडकं फिरवलं तिथं सगळीकडे. आणि जिथं नाही फिरवलं तिथंही." मग लुकलुकचंही सांगितलं.

मला वाटलं होतं ती ओरडेल. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं, उत्तर द्यायची मला सवय आहे. तिनं घास ताटात ठेवला.

"इतके दिवस मी माझ्या लेकीला हात लावायला घाबरत होते, आई," ती म्हणाली.

बस, एवढंच. ताट उचललं, धुतलं, आणि सकाळी मुंगीला घेऊन माहेरी गेली. जाताना म्हणाली की नमुने पुन्हा होईपर्यंत धुळीच्या घरात तिला ठेवायचं नाही. बरोबरच होतं. परत कधी येणार, हे तिनं सांगितलं नाही आणि विचारायचं तोंड मला नव्हतं.

मी शिंकरीला फोन केला. "अगं, मागच्या वेळी मी तुला खोटं सांगितलं," मी म्हणाले. तिनं सुस्कारा सोडला. "काकू, तुम्ही काही पहिल्या नाही," ती म्हणाली. माझ्या गुन्ह्यातसुद्धा माझा पहिला नंबर नव्हता. "आता तरी घर आहे तसं ठेवा."

ह्यांनी झाडू कपाटात घालून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात ठेवली. त्या आठवड्यात मी जे भोगलं ते मी कुणाला सांगत नाही, कारण सांगितलं की लोक हसतात. धूळ बसते कशी, हे मी जन्मात कधी बघितलं नव्हतं, तिला बसूच दिलं नव्हतं. आधी काळ्या फळीवर दिसते, मग आरशावर, मग पाण्याच्या माठाच्या झाकणावर. मी हातावर हात ठेवून बसायचे. एकदा पदर नकळत टेबलावर फिरला तर हे आतल्या खोलीतून ओरडले, "पुढं चला, पुढं चला, हात लावू नका." मुंगीचा एक मोजा पलंगाखाली राहिला होता. तो बाहेर काढला तर नमुना बिघडेल, म्हणून तो तिथंच ठेवला, आणि दिवसातून दहा वेळा वाकून बघितला.

मास्तरीणबाई मुद्दाम आल्या. खुर्चीवर बसल्या, उठल्या, आणि मी खुर्ची झटकायची वाट बघत उभ्या राहिल्या. मी झटकली नाही. त्यांनी फळीवर बोटानं एक रेघ ओढली.

"वहिनी, चांगली जमलीय हो," त्या म्हणाल्या.

"रेघ ओढू नका, नमुना आहे तो," मी म्हणाले.

शिंकरी आली तेव्हा दारातून आत पाऊल टाकल्यावर तिच्या शिंका थांबेनात. माझं काळीज सुपाएवढं झालं. तिनं चौकट ठेवून जमीन पुसली, फडकं करडं निघालं. खिडकीचा कट्टा पुसला, फडकं काळं. मी तिच्या मागं-मागं फिरत होते. "इथं घे. इथं जास्त आहे. अगं, सतरंजीच्या खाली बघ, मी ती अंगणात बडवून आत आणते, रोज." तिनं मला बाजूला बसायला सांगितलं. मी बसले आणि बसल्या जागेवरून माळ्याकडे बोट दाखवलं. तिथल्या पत्र्याच्या डब्यावरची धूळही तिनं घेतली, आणि डब्यातल्या हत्यारांवरची वेगळी घेतली.

जाताना तिला विचारलं, "नापास होऊ ना नक्की?"

"काळजी करू नका," ती नाक पुसत म्हणाली.

आम्ही नापास झालो, आणि असे तसे नाही. सबंध गल्लीत आमच्याएवढं शिसं कुणाच्या घरात निघालं नाही. मास्तरीणबाई अभिनंदन करायला आल्या आणि मी ते स्वीकारलं. सुनेच्या हत्यारांवरही थोडं निघालं, म्हणून कपडे दुकानातच बदलायचे, हात घासून धुवायचे, हे तिनं चालूच ठेवावं असं डॉक्टरनं सांगितलं. पण मुंगीच्या पोटात जात होतं ते तिथून नाही, हेही सांगितलं. ते मी स्वतः माहेरी फोन करून सुनेला कळवलं. ती "बरं" म्हणाली. मग तिनं विचारलं, "डबा माळ्यावरून काढलात का?" मी म्हणाले, काढला, पुसला, ओल्या फडक्यानं. पलीकडे किंचित हसल्याचा आवाज आला. फोनच्या तारेतली खरखरही असेल ती.

मग आमच्या अंगणाचीही लक्तरं निघाली. माती गाडीत भरून गेली, फरशी बसली, भेगा बुजल्या, सतरंज्या गेल्या. कुंपणापाशी मास्तरीणबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या, आणि त्यांनी चुकचुकायचं एकदाही चुकवलं नाही. मला दोन बादल्या मिळाल्या, एक साबणाच्या पाण्याची, एक साध्या पाण्याची. फडक्यानं पुसायचं, ते पिळायचं, पाणी बदलायचं. झाडू ह्यांनी कपाटातून काढून स्वतः बाहेर टाकला. मी बघत होते. म्हातारपणी नवऱ्यानं सवत घराबाहेर काढावी आणि आपल्यालाच भरून यावं, तसं काहीसं झालं.

सून परत आली. दुकानाच्या मालकाला दुसरं कुणी मिळालं नव्हतं, निदान तो तसं म्हणाला, आणि ती पुन्हा कामावर जायला लागली. माझ्याशी बोलायची, पण मोजून. मी जास्त मागितलं नाही. मुंगीचं रक्त पुढच्या वेळी तपासलं तेव्हा आकडा खाली आला होता. फार नाही, पण खाली. डॉक्टर म्हणाला, हळूहळूच उतरतं, वेळ लागेल, असंच चालू ठेवा. सकाळी उन्हाची तिरीप येते. मुंगी तिच्यात जाऊन उभी राहते, वर बघते, तोंड उघडते. काही नसतं. "लुलुक?" असं मला विचारते. "संपलं," मी म्हणते. मग मी तिला बादलीत हात घालू देते, आणि ती पाण्यातल्या उन्हावर चापट्या मारते.

परवा संध्याकाळी सून दुकानातून आली. कपडे बदललेले, हात धुतलेले, दारात चपला काढलेल्या. मुंगी जमिनीवर बसली होती. आईला बघून ती उठली, दोन पावलं पुढं गेली, आणि थांबली. मग तिनं आपले दोन्ही हात वर केले आणि तशीच उभी राहिली.

कुणी तिला थांबवलं नव्हतं. सून खाली बसली, हात पसरले. "ये," ती म्हणाली. "ये बाळा, आता चालतं." मुंगी हलली नाही. हात वर ठेवूनच तिनं मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. फ्रॉक धरणारी मी होते ना. सुनेनंही माझ्याकडे बघितलं.

"जा," मी म्हणाले. ती जागची हलेना, म्हणून पुन्हा म्हणाले, "जा गं, आई स्वच्छ आहे. घाण आजीनं केली होती."

मुंगीनं एक हात खाली घेतला, मग दुसरा, आणि धावली. सुनेनं तिला घट्ट धरलं, तिच्या मानेत तोंड खुपसलं, आणि बराच वेळ दोघी तशाच बसल्या. माझ्या डोळ्यांना धार लागली. ह्यांनी विचारलं, काय झालं. डोळ्यांत धूळ गेली असं सांगायला माझं तोंड उघडलं होतं, पण घरात धूळ नव्हती, म्हणून मी रडते आहे असंच सांगितलं.